एका पीएलसीत पाच भाषा

चाकणच्या एखाद्या वेल्डिंग लाइनवर रात्रपाळीत क्लॅम्प अडकतो आणि लाइन थांबते. मेन्टेनन्सचा माणूस लॅपटॉप घेऊन पॅनलपाशी येतो, पीएलसीला, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरला, केबल लावतो, ऑनलाइन जातो. पडद्यावर दोन उभ्या रेषा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या ओळी दिसतात. सिग्नल जिथवर पोचला तिथवर ओळ उजळलेली, पुढे विझलेली. अडलेल्या कॉन्टॅक्टवरचा पत्ता वाचून तो थेट त्या सेन्सरपाशी जातो. ही लॅडर भाषा. त्याच प्रोजेक्टमध्ये ओव्हनच्या तापमानाचा ब्लॉक वेगळ्या भाषेत असतो, बारकोडचा हिशोब तिसऱ्याच. तरी सगळं एकाच प्रोसेसरवर चालतं.

टेल्कोने १९६६ साली पिंपरीत कारखाना उभारला, तेव्हा यंत्रांचं लॉजिक रिले पॅनलच्या तारांमध्येच असे. मोटरचा स्टार्ट-स्टॉप, होल्डिंग कॉन्टॅक्ट, दोन कॉन्टॅक्टरचं इंटरलॉक हे सगळं वायरमन ड्रॉइंग बघून जोडत. अमेरिकेतही तीच पद्धत होती. तिथे गाडीचं मॉडेल बदललं की पॅनलच्या पॅनल नव्याने जोडावी लागत. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ साली यावर उपाय मागितला. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र दिलं ते मॉडिकॉन ०८४ नावाचं पीएलसी. त्यांच्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प. त्याची प्रोग्रॅमिंगची पद्धत रिलेच्या ड्रॉइंगवरूनच घेतली होती, कारण कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती आधीपासून वाचता येत होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा निर्णय. यंत्र बदललं, पण माणसाचं कसब मोडीत काढलं नाही.

बाकीच्या भाषाही अशाच कुठल्या ना कुठल्या कामकऱ्यांच्या सवयीतून आल्या. असेंब्ली भाषेची सवय असलेल्यांची इन्स्ट्रक्शन लिस्ट, इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोसेसवाल्यांचा फंक्शन ब्लॉक डायग्रॅम, पास्कल शिकलेल्यांचं स्ट्रक्चर्ड टेक्स्ट. फ्रान्समध्ये १९७७ साली ग्राफसेट तयार झाला. एक पायरी पूर्ण झाली, अट जुळली की पुढची पायरी, असा यंत्राचा क्रम तो चित्रात मांडतो. सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट हा त्याचाच वंशज.

या भाषा एका छताखाली आणण्याचं महत्त्वाचं पाऊल सीमेन्सने १९७९ साली स्टेप ५ मध्ये उचललं. एकच लॉजिक लॅडर, ब्लॉक किंवा लिस्ट अशा तिन्ही रूपांत बघता येऊ लागलं. लॅडरमधलं काहीही लिस्टमध्ये उतरे. उलट मात्र नेहमी जमत नसे. पुढे १९९३ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं, आजचं आयईसी ६११३१-३. काटेकोर बोलायचं तर तेव्हा त्यात चार भाषा आणि त्यांना क्रमाने बांधणारा चार्ट होता, पण लाइनवर सगळे पाचच मोजत.

प्रमाणाचं खरं काम भाषांच्या खाली आहे. बूल, इंट, रिअल हे डेटा टाइप सगळ्यांना समान. प्रोग्रॅम, फंक्शन आणि फंक्शन ब्लॉक हे साचे समान. त्यामुळे स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहिलेला ब्लॉक लॅडरच्या ओळीत बसवता येतो. आत काय लिहिलंय याच्याशी लॅडरला देणंघेणं नसतं, फक्त इनपुट-आउटपुट जुळले पाहिजेत. शेवटी सगळं प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांत उतरतं आणि एकाच स्कॅनच्या चक्रात चालतं: इनपुट वाचायचे, लॉजिक सोडवायचं, आउटपुट लिहायचे, पुन्हा पहिल्यापासून.

प्रमाणाने सगळंच सुटलं असं नाही. जर्मन लाइनसोबत सीमेन्स येतो, जपानी यंत्रासोबत मित्सुबिशी, अमेरिकन यंत्रासोबत ॲलन-ब्रॅडली. लॅडर तिन्हीकडे ओळखीची, पण एकाचा प्रोग्रॅम उचलून दुसऱ्यात टाकता येत नाही. हार्डवेअरची मांडणी वेगळी, लायब्ररी वेगळ्या, सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या छोट्या पॅनल बिल्डरला याची किंमत मोजावी लागते.

पाचांतली एक भाषा आता गेली. इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या आवृत्तीत मावळतीला लागली आणि २०२५ च्या आवृत्तीतून वगळली गेली. त्याच २०१३ साली प्रमाणात ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतही आली. नवे इंजिनिअर सगळंच स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहायला बघतात. रेसिपी, बारकोड, टॉर्कच्या नोंदी यांसाठी ते योग्यच आहे. पण क्लॅम्प, गार्ड आणि दरवाज्याची इंटरलॉक टेक्स्टमध्ये पुरली, तर पहाटे तीन वाजता ती शोधायची कोणी?

म्हणून दोघांना सांगणं आहे. आयटीआयतून बाहेर पडणाऱ्या मुलांनी लॅडरवर थांबू नये, स्ट्रक्चर्ड टेक्स्टही शिकून घ्यावं. आणि लाइन विकत घेणाऱ्या कंपन्यांनी इंटरलॉक लॅडरमध्येच हवीत, असं पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून टाकावं.