अण्णांचा चष्मा

अण्णांच्या शाळेचं संकेतस्थळ निघालं आणि १९७८ सालचा शिक्षकांचा ग्रुप फोटो देण्याची कामगिरी अस्मादिकांवर आली. बारा बाय आठ इंची फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला. ठिपके झाले ३ कोटी ४५ लाख ६० हजार! कारकून आकड्यांना भीत नाही, पण संकेतस्थळावर रुंदी मिळणार होती १२०० ठिपक्यांची. म्हणजे छत्तीस ठिपक्यांच्या जागी एकच.

मी दर सहावा ठिपका ठेवून बाकीचे रद्द केले. चित्र पाहून आई म्हणाली, "अरे, ह्यांचा चष्मा कुठाय?" बारीक तारेची चौकट नेमकी रद्द झालेल्यांत गेली होती. हयातभर चष्मा हरवणारे अण्णा, गेल्यावरही तोच प्रकार!

मंडळी, हे दुखणं नवं नाही. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९५७ साली रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅन केला. ठिपके १७६ गुणिले १७६, फक्त ३०,९७६! त्यांना ठिपके पुरेनात, आम्हाला आवरेनात. दोन ठिपक्यांहून बारीक तपशील चित्रात मावत नाही, कोंबला तर भलतेच पट्टे उमटतात. ह्या हिशेबाचं मूळ नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि शॅनन यांच्या १९४९ च्या लेखांत आहे.

मग उपाय? सरासरी शिल्लक काढतात तशी छत्तीसही ठिपक्यांची सरासरी काढायची. कुणीच रद्द नाही. पट्टे गेले, चष्मा आला, पण धुक्यातून आल्यासारखा. त्यावर तोड काँप्युटरच्याही आधीची, डार्करूममधली. तिथे निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह काढत, दोन्ही एकावर एक ठेवून छापत, आणि बारकावे उठून दिसत. ह्याचं नाव अनशार्प मास्क. स्पष्ट दिसण्यासाठी अस्पष्ट नक्कल! काँप्युटर तेच करतो: मुळातून धूसर प्रत वजा, उरलेला फरक मुळात जमा.

मी उत्साहात जरा जास्तच जमा केलं. सगळ्या मास्तरांच्या डोक्यांभोवती संतांसारखी प्रभावळ! ती उतरवली, आणि चित्र लहान केल्यावर, सर्वांत शेवटी, बेताने धार दिली.

आईने पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ बोलली नाही. मग पदराने स्वतःचा चष्मा पुसत म्हणाली, "सापडला हो एकदाचा!"