मेक्सिकन हॉट चॉकलेट घरी कसं बनवायचं? मिरची खरंच घालतात का?

रील्समध्ये दिसणाऱ्या ‘मेक्सिकन हॉट चॉकलेट’वर बहुतेक वेळा तिखट भुरभुरलेलं असतं आणि खाली दुधात कोको पावडर असते. मेक्सिकोतल्या घरांत रोज बनणारं चॉकलेट मात्र यापेक्षा बरंच वेगळं आणि साधं आहे.

मिरची कुठून आली?

स्पॅनिश लोक 1519 मध्ये मेक्सिकोत पोहोचले, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून पाण्यात घोळून पीत होते. ते पेय कडू असायचं. त्यात कधी मिरची, कधी व्हॅनिला, कधी सुगंधी फुलं घालत. साखर, दूध आणि दालचिनी या गोष्टी स्पॅनिश लोकांबरोबर आल्या. आज मेक्सिकोत घरोघरी बनणाऱ्या चॉकलेटची ओळख म्हणजे दालचिनी. मिरची बहुतेक घरांत नसतेच. घातली तर ती आवड म्हणून.

पावडर का नको?

कोकोच्या बियांमध्ये जवळपास निम्मी चरबी असते, तिला कोको बटर म्हणतात. 1828 मध्ये नेदरलँड्समध्ये ही चरबी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं गेलं आणि त्यातून आजची कोको पावडर आली. म्हणजे पावडरीतली बरीचशी चरबी निघून गेलेली असते. मेक्सिकोत मात्र अख्ख्या बिया वाटून, त्यात साखर आणि दालचिनी मिसळून जाडसर वड्या पाडतात. ओआहाका प्रांतात अनेक घरं कोको, साखर, दालचिनी आणि बदाम आपापल्या प्रमाणात गिरणीत नेऊन दळून आणतात, आपण भाजणी दळून आणतो तसं.

साहित्य (2 मोठे कप)

- दूध 2 कप (साधारण 500 मिली)
- 70 टक्के कोको असलेलं डार्क चॉकलेट 60 ग्रॅम
- साखर 2 चमचे
- दालचिनीचा 1 इंच तुकडा
- 5-6 बदामांची बारीक पूड (ऐच्छिक)
- चिमूटभर मीठ

चॉकलेट घेताना पाकिटावर ‘कोको बटर’ आहे का ते पाहा. ‘कम्पाउंड’ चॉकलेटमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते. त्याने ही चव येत नाही.

दालचिनीही पाहून घ्या. मेक्सिकोत पातळ, अनेक पापुद्र्यांची, हाताने चुरडणारी सिलोन दालचिनी वापरतात. याच जातीचं झाड कोकणातही लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण तेज’ हे वाण त्यातलंच. आपल्या दुकानांत बऱ्याचदा मिळते ती जाड, कडक साल कॅशियाची. तिचा स्वाद उग्र असतो, म्हणून ती अर्धा इंचच घाला.

कृती

1. दूध, दालचिनी आणि साखर मंद आचेवर तापवा. कडेने बुडबुडे आले की गॅस बंद करून 5 मिनिटं झाकून ठेवा.
2. दालचिनी काढा. चॉकलेटचे बारीक तुकडे, बदामपूड आणि मीठ घालून ढवळा.
3. पुन्हा मंद आचेवर ठेवून सगळं एकजीव होईपर्यंत गरम करा. खळखळून उकळू नका, तळाला लागतं.
4. आता खोल भांड्यात ओता. भांडं अर्धंच भरा, नाहीतर फेस बाहेर येईल.
5. खाली उतरवूनच 1-2 मिनिटं जोरात घुसळा आणि लगेच कपात ओता.

फेस महत्त्वाचा

मेक्सिकोत यासाठी ‘मोलिनियो’ नावाची लाकडी घुसळणी असते. ती दोन्ही तळहातांमध्ये धरून फिरवतात, म्हणजे आपली छोटी रवीच! घरातली रवी चालेल, पण ताकाची नको. लाकडात आंबूस वास राहतो. घुसळल्याने वर न तरंगता कोको बटर दुधात बारीक थेंबांनी पसरतं आणि हवा अडकून फेस येतो. मोलिनियो नव्हता तेव्हा उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून फेस काढत. चहा वरखाली करतात तसं तुम्हीही करू शकता.

दूध चालत नसेल तर?

पाण्यात बनवा. ओआहाकात पाण्यातलं चॉकलेट आजही आवडीने पितात आणि त्यात अंड्याच्या बलकाचा मऊ पाव बुडवून खातात. पाण्यात कोकोची चव जास्त उठून येते. पाणी उकळतं घ्या आणि जास्त वेळ घुसळा, कारण दुधासारखा दाटपणा पाण्यात नसतो.

पहिल्यांदा मिरची न घालताच करून पाहा. दालचिनी आणि कोको यांची जोडी आवडली, तर दुसऱ्या कपात चिमूटभर तिखट घालायला हरकत नाही.