पायरीची नौका : वेग आणि पकड यांचा दीडशे वर्षांचा हिशेब

नौकेला वेग हवा असेल तर तिचा तळ गुळगुळीत आणि सलग असावा, असे कोणालाही वाटेल. त्या तळाला मुद्दाम आडवी पायरी पाडावी, म्हणजे अर्धा तळ खाली आणि मागचा अर्धा काही बोटे वर ठेवावा, ही कल्पना प्रथमदर्शनी विक्षिप्तच. तरीही आजच्या अतिवेगवान मोटरबोटींपैकी अनेकींच्या तळाला अशा एक-दोन पायऱ्या असतात. या पायरीने काय दिले आणि त्याची किंमत काय घेतली, हे तिच्या इतिहासातच नीट उलगडते.

या इतिहासाचा प्रारंभ कोणा जहाजबांधणी कारखान्यात नव्हे, तर चर्चमध्ये होतो. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील प्लेडन गावचे धर्मगुरू चार्ल्स मीड रॅमस यांनी १८७२ साली ब्रिटिश नौदलापुढे एक प्रस्ताव ठेवला. एकामागे एक दोन पाचरी ठेवाव्यात तसा जहाजाचा तळ केला, तर वेगात ते पाणी कापण्याऐवजी पाण्यावर चढेल, असे त्यांचे म्हणणे होते. नौदलाने ते विल्यम फ्रूड यांच्याकडे तपासणीस पाठवले. फ्रूड यांनी टॉर्की येथील आपल्या चाचणी-हौदात प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि निकाल प्रतिकूल दिला. तत्कालीन वाफेच्या यंत्रांचे वजन पाहता जहाजाला पाण्यावर उचलण्याइतका वेग मिळणे शक्यच नव्हते. रॅमस यांची कल्पना चुकीची नव्हती, पण तिला पेलणारे इंजिन अजून जन्मले नव्हते.

पेट्रोल इंजिन आले आणि चित्र पालटले. वेगात नौका पाण्यावर सरकू लागली की तळाचा पाण्याशी होणारा कोन महत्त्वाचा ठरतो. साधारण चार अंशांच्या आसपास तो राहिला तर उचल चांगली मिळते. सपाट, सलग तळाची नौका वेग वाढताच आडवी होऊ लागते, कोन घटतो, जास्त तळ ओला होतो आणि घर्षण वाढते. पायरीमुळे पाणी तिथे तळापासून सुटते, बाजूने हवा आत शिरते आणि नौका दोन आखूड, रुंद पट्ट्यांवर तोलली जाते. ओला भाग कमी, म्हणून ओढ कमी. १९१२ साली ‘मेपल लीफ ४’ या पाच पायऱ्यांच्या ब्रिटिश नौकेने टॉमी सॉपविथ यांच्या हाती हार्म्सवर्थ करंडक जिंकला. त्याच वर्षी अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांनी आपल्या उडत्या नौकेच्या तळाला पायरी दिली, कारण सलग तळ पाण्याला चिकटून राही आणि विमान उठत नसे. पुढे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात राजसमंदला आणि ग्वाल्हेर संस्थानातील तलावावर उतरणाऱ्या इम्पिरियल एअरवेजच्या प्रचंड विमानांच्या पोटाखालीही हीच पायरी होती.

युद्धाने या शोधाला धार दिली. १९१६ मध्ये थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने ब्रिटिश नौदलासाठी ४० फुटी किनारी मोटरबोटी बांधल्या. क्रूझरवर टांगून नेता याव्यात म्हणून टॉर्पेडोसह वजन सव्वाचार टनांच्या आत ठेवण्याची अट होती. टॉर्पेडो पिछाडीच्या खोबणीतून शेपटीकडून पाण्यात ढकलला जाई. तो नौकेच्याच दिशेने मागून धावत येई आणि नौकेला वळून त्याच्या वाटेतून दूर व्हावे लागे. १७ जून १९१९ रोजी ऑगस्टस एगर यांनी अशाच एका नौकेने क्रोनश्टाटजवळ ‘ओलेग’ ही रशियन क्रूझर बुडवली.

पण पायरीचा हिशेब एकतर्फी नाही. १३ जून १९३० रोजी विंडरमियर सरोवरावर हेन्री सीग्रेव्ह यांनी ‘मिस इंग्लंड २’मधून ताशी ९८.७६ मैलांचा जागतिक विक्रम केला आणि पुढच्याच फेरीत नौका उलटली. सीग्रेव्ह आणि रोल्स-रॉइसचे अभियंते व्हिक्टर हॅलिवेल यांचा त्यात अंत झाला. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याला नौका धडकली असावी, असे मानले जाते. एवढ्या वेगात तळाचा थोडासाच भाग सारा भार पेलत असतो. तो भाग गेला की सावरायला दुसरे काहीच उरत नाही.

विक्रमाच्या शर्यतीत एका पायरीची मर्यादाही लवकरच दिसली. माल्कम कॅम्पबेल यांच्या ‘ब्लू बर्ड के-३’ने १९३८ मध्ये ताशी १३०.९१ मैल गाठले. पुढच्या वर्षी तेच इंजिन तीन ठिकाणी टेकणाऱ्या नव्या ‘के-४’मध्ये बसवले, तेव्हा आकडा १४१.७४ वर गेला. समुद्री शर्यतींत १९६० नंतर रे हंट यांच्या खोल ‘व्ही’ आकाराच्या, बिनपायरीच्या तळाने बाजी मारली. कालांतराने त्याच ‘व्ही’ तळाला पायऱ्या पाडून दोन्ही कल्पना एकत्र आल्या.

इथेच चालवणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. पाण्याशी ओढ कमी म्हणजे पकडही कमी, आणि वळताना नौकेला तीच पकड हवी असते. भर वेगात वळण घेतले आणि घाबरून थ्रॉटल एकदम बंद केला, तर नाळ खाली बसून पाण्यात रुतते, हलकी पिछाडी बाहेर फेकली जाते आणि नौका स्वतःभोवती गरकन फिरते. आतली माणसे पाण्यात फेकली जातात. ट्रिमने नाळ फार खाली दाबली असेल तरी तेच घडते, आणि फार वर ठेवली तर नौका उड्या मारू लागते. म्हणून जाणकार सांगतात ते असे : वेग वळणाआधी, सरळ रेषेतच उतरवा, ट्रिम मध्यावर आणा, वळणात थोडी शक्ती चालू ठेवा आणि सुकाणू सावकाश फिरवा. इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी अंगाला बांधलेली असावी. जड सामान कुठे ठेवले आहे, पायरीला हवा देणारी बाजूची तोंडे मोकळी आहेत की नाहीत, हेही निघण्यापूर्वीच पाहावे.

भीती वाटताच वेग तोडावा, ही आपली उपजत प्रवृत्ती. साध्या नौकेत ती सहसा वाचवते, पायरीच्या नौकेत वळणावर तीच घात करू शकते. रॅमस यांना नौका पाण्यापासून सोडवायची होती, आणि ती सुटली. पाण्याची पकड हा निव्वळ अडथळा नव्हता, तो आधारही होता, हे मात्र त्यांच्यामागून आलेल्यांना पाण्यावरच शिकावे लागले.