बाणावरचे विष आणि अंगठ्याची साक्ष

मण्यार चावलेला माणूस आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. दंशाची खूण शोधून सापडत नाही. पण काही तासांत पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास अडतो. पाहणाऱ्याला वाटते, शुद्ध गेली. पुष्कळदा ती गेलेली नसते. माणूस ऐकत असतो. पण तेवढे सांगण्यापुरतीही हालचाल त्याच्या अंगात उरत नाही. असेच गुण असलेल्या एका विषाचे औषध कसे झाले, आणि त्यावर नजर ठेवायला वैद्य कसे शिकले, ती हकीगत आज पाहू.

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या अरण्यांत राहणारे लोक वेलींच्या सालीपासून क्युरारे नावाचे विष काढीत व तिरांना लावीत. शिकार लुळी पडून श्वासावाचून मरे. पण तिचे मांस बाधत नसे, कारण पोटातून हे विष रक्तात फारसे उतरत नाही.

१८१४ साली लंडनमध्ये प्रवासी चार्ल्स वॉटरटन आणि शल्यवैद्य बेंजामिन ब्रोडी यांनी हे विष एका गाढविणीला टोचले. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. तेव्हा श्वासनळीला छेद देऊन भात्याने वारा भरू लागले. दोन तासांनी तिने डोके उचलले. विष उतरले असे समजून भाता थांबवला, तोच ती पुन्हा कोसळली! आणखी दोन तास भाता चालवला, तेव्हा कुठे ती उठली. आणि पुढे १८३९ पर्यंत जगली.

या प्रसंगात दोन धडे आहेत, बरं का. श्वास चालू ठेवला तर हे विष मारीत नाही, हा एक. डोके उचलले म्हणजे विष उतरले असे नव्हे, हा दुसरा. पहिला धडा लवकर पटला. दुसऱ्याला दीडशे वर्षे लागली.

फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून दाखवले, की मज्जातंतूचा हुकूम स्नायूला जिथे पोचतो, तिथेच हे विष अडसर घालते. नागाचे विषही तिथेच वार करते. २३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रिअलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी क्युरारे शस्त्रक्रियेत वापरले. पण याने भूलही चढते काय? १९४७ साली अमेरिकेतील डॉ. स्कॉट स्मिथ यांनी पूर्ण शुद्धीत ते टोचून घेतले. अंग लुळे पडले. कळत मात्र सगळे होते, दुखतही होते. म्हणजे हे औषध झोप देत नाही. झोपेचे आणि वेदनेचे औषध वेगळेच द्यावे लागते.

१९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हातांनी पिशवी दाबून रोग्यांचे श्वास चालवले. त्यातूनच अतिदक्षता विभागाची कल्पना रुजली. तेथील काही अत्यवस्थ रोग्यांना, यंत्राचा श्वास नीट चालावा म्हणून, स्नायू सैल करणारे औषध तासन्‌तास द्यावे लागते. मूत्रपिंड किंवा यकृत थकले असेल, तर यांतली काही औषधे अंगात साचतात. मग किती पुरे, हे ओळखायचे कसे?

१९७० च्या सुमारास लिव्हरपूलमधील डॉ. अली आणि सहकाऱ्यांनी सोपी युक्ती काढली. मनगटाजवळ करंगळीच्या बाजूच्या मज्जातंतूला दोन सेकंदांत विजेचे चार हलके झटके द्यायचे आणि अंगठा पाहायचा. चारही वेळा सारखाच हलला, तर औषधाचा अंमल उतरत आला. एकदोनदाच हलला, तर अंमल गडद आहे. एकदाही हलला नाही, तर बहुधा औषध जास्त झाले. मात्र अंगठ्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. सूज आली किंवा हात गार पडला, तर तोही चुकीची साक्ष देतो. म्हणून श्वास, नाडी, रक्तदाब यांच्याशी ती ताडून पाहावी लागते. आणि रोगी पापणी मिटू शकत नाही, म्हणून त्याचे डोळे परिचारिकेला जपावे लागतात.

तेव्हा, गावात मण्यारीचा दंश झाला, तर हालचाल थांबली म्हणून आशा सोडू नका. श्वास तोंडाने देत दवाखाना गाठा. आणि खाटेवरचा माणूस निश्चल दिसला, तरी त्याच्या उशाशी बसून त्याच्या मरणाच्या गोष्टी बोलू नका. तो कदाचित ऐकत असेल.