पुंजक्यांची साक्ष

विषमज्वराचा संशय आला कीं डॉक्टर ‘विडाल’ तपासणी सांगतात. हें नांव शहरांतील बहुतेक घरांना परिचित आहे. तिच्या मुळाशीं असलेलें तत्त्व मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. १८९६ सालीं ग्रूबर व डरहॅम यांनीं दाखविलें कीं, रोगजंतूंत त्यांच्याविरुद्धचीं प्रतिपिंडें मिसळलीं म्हणजे जंतूंचे पुंजके बनतात. प्रत्येक प्रतिपिंडास निदान दोन हात असतात. एका हातानें एक कण व दुसऱ्यानें दुसरा धरला कीं जाळें विणलें जातें, आणि एरवीं अदृश्य असलेली घटना नुसत्या डोळ्यांस दिसते. (रक्त गोठणें ही गोष्ट अगदीं निराळी.) त्याच वर्षीं पॅरिस येथें विडालनें हें तत्त्व निदानास लाविलें. पुढें लॅटेक्सच्या मण्यांवर प्रतिपिंडें चढवून रोगजंतूंचे अंश हुडकण्याची युक्तिही निघाली.

रक्तगटाची परीक्षा याच जातीची. १९०१ सालीं व्हिएन्नाच्या लँडस्टायनरनें गट दाखवून दिले. ‘ए’ व ‘बी’ यांविरुद्धच्या दोन्ही प्रतिपिंडांनीं ज्या तांबड्या पेशींचे पुंजके होत नाहींत तो ‘ओ’ गट. त्याचें रक्त कोणासही चालतें, अशी समजूत रूढ झाली.

तिला धक्का दिला मुंबईनें. १९५२ सालीं डॉ. वाय. एम्. भेंडे, त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया, आणि इंग्लंडांतील रेस, सँगर प्रभृति संशोधकांनीं ‘लॅन्सेट’मध्यें एक विलक्षण रक्त वर्णिलें. पेशी पाहाव्या तर ‘ओ’च्या, पण त्याच माणसाच्या रक्तद्रवानें ‘ओ’च्या पेशींचेही पुंजके होत! ‘ए’ व ‘बी’ ज्या पायावर उभारले जातात तो ‘एच्’ नांवाचा पदार्थच त्या पेशींवर नव्हता, आणि रक्तद्रवांत त्याच्याविरुद्धचीं प्रतिपिंडें होतीं. अशा रोग्यास ‘ओ’ रक्त दिलें तर त्या पेशी त्याच्या शरीरांत फुटतात, मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, प्राणावरही बेततें. त्याला ‘मुंबई गटा’चेंच रक्त लागतें. हा गुण आई व बाप या दोघांकडून यावा लागत असल्यानें दाता शोधतांना प्रथम सख्ख्या भावंडांकडे पाहणें शहाणपणाचें.

नुसत्या पेशी तपासून हा गट कळत नाहीं. रक्तद्रवाचीही परीक्षा ‘ओ’ पेशींशीं व्हावी लागते. भारतांत त्याचें प्रमाण साधारण दहा हजारांत एक मानतात. २०११ च्या जनगणनेंत जालना जिल्ह्याची वस्ती एकोणीस लाखांवर होती. हें प्रमाण तेथें लावून पाहिलें तर सुमारें दोनशें माणसें निघावींत, आणि त्यांतील कित्येकांच्या कागदावर आजही ‘ओ’ हेंच अक्षर असण्याचा संभव आहे.