अणुसंलयन ऊर्जा : भारतीय प्रयत्न व भवितव्य

हलकी अणुकेंद्रे एकत्र येऊन जड अणुकेंद्र बनताना मुक्त होणारी ऊर्जा. सूर्य व इतर तारे याच प्रक्रियेवर तळपतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथील अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून, नियंत्रित संलयनाची रीत दोन दशकांत सापडेल, असे भाकीत केले. ते फलद्रूप झाले नाही. ड्यूटेरियम व ट्रिटियम या हायड्रोजनच्या समस्थानिकांचा प्लाझ्मा (आयनित वायू) १० कोटी अंश सेल्सियसहून अधिक तापवून पुरेसा वेळ कोंडून ठेवणे ही मुख्य अडचण होय. शिवाय ट्रिटियमचा अर्धायुकाल केवळ १२.३ वर्षे असल्याने ते अणुभट्टीतच लिथियमपासून तयार करावे लागेल.

गांधीनगर येथे ‘आदित्य’ हा टोकामॅक (चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडून ठेवणारे कंकणाकृती यंत्र) १९८९ मध्ये कार्यान्वित झाला. फ्रान्समधील ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय टोकामॅक प्रकल्पात भारत २००५ पासून सहभागी असून त्या यंत्राला वेढणारे सुमारे ३,८५० टनांचे क्रायोस्टॅट (निर्वात पात्र) भारताने पुरविले. ईटरमध्ये ५० मेगावॉट तापनशक्तीवर ५०० मेगावॉट संलयनशक्ती अपेक्षित आहे. मात्र त्यातून वीजनिर्मिती होणार नाही. लेसरने संलयन घडविण्याच्या दुसऱ्या पद्धतीत अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये २.०५ मेगाजूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाजूल संलयन ऊर्जा मिळाली; परंतु लेसर चालविण्यासाठी सुमारे ३०० मेगाजूल वीज खर्ची पडली. त्यामुळे व्यापारी वीजनिर्मिती अद्याप दूर आहे.