आंतरजालावरील स्वतंत्र चलच्चित्रकार

चित्रांना हालचाल देण्याची कला मुळांतच खर्चाची आहे. पडद्यावर दर सेकंदास २४ चौकटी सरकतात. एक रेखाटन दोन चौकटींपुरतें वापरलें, तरी सात मिनिटांच्या पटास पांच हजारांहून अधिक रेखाटनें लागतात. म्हणूनच अमेरिकेंत ही कला दीर्घकाळ मोठ्या चित्रसंस्थांच्या व दूरचित्रवाणी-कंपन्यांच्या आश्रयानें वाढली. आधीं संस्थेची अनुज्ञा, मग प्रेक्षक, असा क्रम होता. निर्माण झालेल्या पात्राची मालकीहि बहुधा संस्थेकडेच जाई.

हा क्रम उलटण्यास १९९६ सालीं निघालेलें एक संगणकीय साधन कारण झालें. पुढें ‘फ्लॅश’ या नांवानें तें प्रसिद्धीस आलें. त्यांत चित्र ठिपक्यांनीं न सांठवितां रेषांच्या गणिती वर्णनानें सांठविलें जाई. त्यामुळें टेलिफोनच्या तारेवरील मंद आंतरजालांतूनहि तें घरोघर पोंचूं शके. टॉम फल्प यांच्या ‘न्यूग्राउंड्स’ या संकेतस्थळावर २००० सालापासून कोणासहि आपली कृति प्रसिद्ध करतां येऊं लागली. तेथें निवड संपादक करीत नसे; पाहणारे गुण देत, आणि अगदींच कमी गुणांची कृति काढून टाकली जाई. हौशी तरुणांचीं कच्चीं, आचरट आणि क्वचित् अपूर्व अशीं चित्रें याच चावडीवर जमलीं.

या नव्या प्रेक्षकाचें वजन हळूहळू मोठ्या संस्थांसहि जाणवूं लागलें. पेंडलटन वॉर्ड यांच्या ‘ॲडव्हेंचर टाइम’ या लघुपटाची मालिका करण्याचें निकेलोडियननें नाकारलें. परंतु तो लघुपट आंतरजालावर पसरून लोकप्रिय झाला, आणि २०१० सालीं कार्टून नेटवर्कनें त्याची मालिका सुरू केली.

तथापि दार उघडलें तरी किल्ली दुसऱ्याच्याच हातीं होती. २०१२ सालीं यूट्यूबनें शिफारशीचा निकष बदलला. चित्र किती वेळां पाहिलें यापेक्षां किती वेळ पाहिलें, यास महत्त्व आलें. महिनाभर खपून दोन मिनिटांचें चित्र करणाऱ्याचा तेथें निभाव लागणें कठीण झालें. पुढें २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा अधिकृत आधारहि संपला. जुन्या कृति दिसेनाशा होण्याची वेळ आली असतां, स्वयंसेवकांनीं लिहिलेल्या ‘रफल’ या साधनानें त्यांतील पुष्कळ वांचल्या.

दरम्यान स्वतंत्र चित्रकारांस आधार मिळाला तो चाहत्यांच्या वर्गणीचा. विव्हियन मेड्रानो यांनीं प्रामुख्यानें अशा मासिक वर्गणीवर ‘हॅझबिन होटेल’चा अर्ध्या तासाचा पहिला भाग तयार करून ऑक्टोबर २०१९ मध्यें यूट्यूबवर ठेवला, जानेवारी २०२४ मध्यें तीच कथा मालिकारूपानें प्राइम व्हिडिओवर आली. सिडनीच्या ‘ग्लिच’ या संस्थेनें आणखी एक पाऊल टाकलें. गूसवर्क्स या टोपणनांवाच्या कलावंताची ‘दि अमेझिंग डिजिटल सर्कस’ ही मालिका तिनें ऑक्टोबर २०२३ मध्यें यूट्यूबवर आरंभिली. वर्षभरानें नेटफ्लिक्सनें ती घेतली. तरी नवे भाग यूट्यूबवर विनामूल्य येतच राहिले, आणि निर्मितीवरील अधिकार ग्लिचनें सोडला नाहीं.

फरक येथें आहे. पूर्वी चित्रकार रिकाम्या हातानें संस्थेच्या दारीं जाई, आणि मिळेल ती अट मान्य करी. आतां तो आपला प्रेक्षक बरोबर घेऊन जातो. कष्ट कमी झालेले नाहींत, व्यासपीठहि परक्याचेंच आहे. परंतु सौदा करण्याचें बळ त्यास प्रथमच लाभलें आहे.